चेण्याला न दिसलेली वाफ

तारीख: या जानेवारीतला एक रविवार, सकाळी उजाडताना.
ठिकाण: चेणे, नदीकाठ.
हजर: आमचे हे, म्हणजे रमेश, नणंद सुजाता, तिचे मिस्टर प्रकाश भावोजी, आणि फोटो काढायला मी.

मी सोसायटीची सेक्रेटरी. भुताखेतांपेक्षा टाकीत पाणी किती, याची मला काळजी. असले अनुभव वाचून हसायचे... आता स्वतःच लिहितेय.

भाईंदरला तोंडातून वाफ निघण्याइतकी थंडी कुठली? म्हणून गारठा वाढला की आम्ही चेण्याला जातो. उगवतीकडे पाठ करून ओळीत उभं राहायचं, 'हा' करायचं आणि वाफेचा फोटो काढायचा. दरवर्षीचं ठरलेलं.

मी एक-दोन-तीन म्हटलं. सुजाताची वाफ निघाली, भावोजींची निघाली. यांची नाही.

"दादा, वहिनीला घाबरून श्वास पण घेत नाहीस का?" सुजाता म्हणाली.

"अगं, केलं की 'हा'," हे म्हणाले.

पुन्हा काढला. पुन्हा नाही.

"वहिनी, साहेबांचा गॅस संपलाय, सिलिंडर बुक करा," भावोजी म्हणाले. सगळे हसलो. हेसुद्धा.

घरी फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत वाफेचे तीन पुंजके आहेत. तिसरा यांच्या बराच मागे, पाण्यावर — माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिथे माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना हे चष्म्यावर 'हा' करून काच पुसायला लागले. काच कोरडीच. मी 'हा' केलं, लगेच धुरकट झाली.

"जाऊ दे, पाण्याने धुतो," म्हणाले.

ईसीजी, एक्स-रे, ऑक्सिजन, सगळं नॉर्मल. डॉक्टर मलाच म्हणाले, "मॅडम, झोप घेत जा." पण यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. आता रजेवर आहेत, भर उन्हात शाल घेऊन बसतात. परवा मी पोळ्या करत होते, हे शेजारीच उभे. म्हणाले, "इकडे पाण्यावर फार गार आहे गं." नंतर विचारलं तर बोलल्याचं आठवत नाही.

कोणी म्हणेल कॅमेऱ्याचा दोष, कोणी म्हणेल मनाचे खेळ. चष्म्याच्या काचेला कुठलं मन... मला उत्तर सापडलेलं नाही. उत्तर नसलं तरी चालेल, उपाय सांगा. तुमच्या घरात असं कोणाचं झालं असेल, तर तुम्ही काय केलंत? ते माणूस राहिलं का?

बाकी सगळ्या तपासण्या झाल्या. एकच उरलीये, तिला डॉक्टर लागत नाही. दुपारी हे झोपले की नाकाखाली हात धरून बघायचं. रोज जवळ जाऊन बसते. आजही बसले होते... हात पुढे गेला नाही.