सोडलेला चीक

मला स्वस्थ बसता येत नाही, कधीच आलं नाही. माहेरी नगरला आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्न होऊन काष्टीजवळच्या वस्तीवर आले तेव्हा सासूबाईंनी ते आठवडाभरातच ओळखलं आणि मला इतकी कामं लावली की भिंगरीला फिरायला जागाच उरली नाही. सासूला आत्याबाई म्हणायची तिथली रीत, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणायची. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती. माझे यजमान साखर कारखान्यावर होते आणि गळीत हंगामात आठवड्यातून एकदा घरी यायचे. एरवी वस्तीवर आम्ही दोघी, दोन बैल आणि एक गाय.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ती गाय व्याली. कालवड झाली. व्यालेल्या जनावराचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध, म्हणजे चीक, आमच्याकडे सगळा घरात ठेवत नाहीत आणि विकतही नाहीत. तांब्यात घालून घरोघर द्यायचा. समोरचं घर तांब्या रिकामा परत करत नाही, मूठभर ज्वारी नाहीतर गुळाचा खडा घालून देतं. त्या तीन दिवसांत मी सगळ्या वस्तीला चीक पोचवला. मला ते काम फार आवडलं, कारण त्या निमित्ताने घराबाहेर पडता आलं आणि प्रत्येक दारात पाच मिनिटं बोलता आलं.

उरलेल्या चिकात गूळ आणि वेलदोडा घालून आत्याबाईंनी वड्या उकडल्या. स्वतः मात्र बोटसुद्धा चाटलं नाही. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आवडीचं काहीतरी मागे राहिलेल्याने सोडायचं असतं. सासऱ्यांना चिकाचं भारी वेड होतं म्हणे. कुणाची गाय व्याली की ते तांब्याची वाट बघत ओट्यावर बसलेले. ते गेले त्या दिवसापासून आत्याबाईंनी चीक सोडला होता. उकडायच्या, वड्या पाडायच्या, दुसऱ्याच्या ताटात वाढायच्या आणि हात धुवून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांना काष्टीच्या बाजाराला जायचं होतं, तर बरोबर न्यायच्या दशम्या भिजवायला त्यांनी मला शेजारून म्हशीचं दूध आणायला लावलं. घरातल्या दुधाचा थेंबही पिठात पडायला नको होता. मला ते जरा अतिच वाटलं, पण मी गुमान दूध आणलं.

पाचव्या दिवशी गायीने वैरणीला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि मान पुढे ताणून ती सारखी गिळायला बघत होती. आत्याबाई म्हणाल्या, "घशात काटा अडाकला हाय." मी वेसण धरली. त्यांनी पदर खोचला आणि उजवा हात कोपरापर्यंत गायीच्या तोंडात घालून चांगला चाचपून बघितला. काटा सापडला नाही. आदल्या दिवशीच विळ्याला धार लावताना त्यांच्या त्याच हाताचा तळवा आणि दोन बोटं कापली होती. हात बाहेर काढून त्यांनी तो गव्हाणीतल्या कडब्याला पुसला आणि म्हणाल्या, खाली गेला असंल.

दुसऱ्या दिवशी गायीचा आवाज बदलला. घोगरं, लांबलचक हंबरत ती खुंटा उपटायला लागली आणि समोर दिसेल त्याच्यावर धावायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि विचारलं, महिन्या-दीड महिन्यात पिसाळलेलं कुत्रं फिरलं होतं का? फिरलं होतं. चरायला सोडलेल्या जनावरांत शिरलं होतं, लोकांनी ते मारूनही टाकलं होतं. कुणाला चावलं, हे त्या वेळी कुणी बघितलंच नव्हतं. दोन दिवसांत गाय मेली.

मग वस्तीचं धाबं दणाणलं. सगळ्यांनी चीक खाल्ला होता, आणि तो मी वाटला होता. माझ्याकडे लोक असे बघायला लागले, जसं काही मीच त्यांना चावले. बायाबापड्या, म्हातारेकोतारे सगळे एसटी धरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तेव्हा पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक. आत्याबाई माझ्याबरोबर आल्या, कारण नव्या सुनेला एकटी कशी पाठवणार. बाहेर लिंबाखाली आमच्या चपला राखत बसल्या.

डॉक्टर तरुण होते. ते सांगून सांगून थकले की उकडलेल्या चिकापासून भीती नाही, ज्यांनी कच्चं दूध प्यायलं असेल त्यांना काळजी म्हणून सुई देतो. पण ऐकतंय कोण. एक गृहस्थ तर म्हणाले, मी दोन वाट्या खाल्ल्या, मला अठ्ठावीस लागतील का? सगळे हसले, मीही हसले. आणि तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "गायीच्या तोंडात कुणी हात घातला होता का?"

माझं हसू तिथेच विरलं. मी सांगितलं. हाताला जखमा होत्या, तेही सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या कुठे आहेत? पहिली सुई त्यांना. विष लाळेत असतं."

मी बाहेर पळत आले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्या चीक खाल्ला व्हय? मग मला कशाला सुया?" मी लाळेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आगं, सोडलेलं पाळलं म्हनून वाचले मी. त्यांनीच वाचिवलं. आता सुई घिऊ तर त्यांच्यावर इस्वास न्हाई असं हुईल." डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांनाही तेच उत्तर. कारखान्यावर निरोप पाठवला. हे आले, आईवर ओरडले, तिने वाढलेली भाकरी खाल्ली आणि पाळीवर परत गेले. मला त्यांचा इतका राग आला की मी भांडी आपटून आपटून घासली.

नगरच्या कॉलेजात मी दीड वर्ष सायन्सला होते. कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. एका पेशीच्या दोन होताना दिसायच्या, आतले धागे दोन्हीकडे सारखे वाटले जायचे. मला ते बघताना वेळेचं भान राहायचं नाही. विषाणूंचा धडा मात्र सरांनी घाईघाईत उरकला. धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, म्हणाले. स्वतःला दुभागता येत नाही, म्हणून पेशीत शिरतो आणि तिच्याच हातून स्वतःच्या नकला काढून घेतो. आणि पिसाळण्याचा विषाणू रक्तातून धावत नाही. जखमेपासून मज्जातंतूच्या आतून सावकाश वर चढतो. तो मेंदूत पोचायच्या आत काय करायचं ते करा, एकदा पोचला की औषध नाही. सर एवढं बोलले आणि घंटा झाली.

त्या दिवसांत ती घंटा माझ्या डोक्यात सारखी वाजत होती. आत्याबाई भाकरी थापायच्या आणि मी त्यांचा तळहात बघायची. जखम छान भरत होती. कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत मधली चीर बुजवत होत्या. कॉलेजात ज्याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं, त्याचीच आता भीती वाटायला लागली. चोर घरात शिरल्यावर बाहेरून कडी लावून घ्यावी तसं ते चाललं होतं. मनगट, कोपर, खांदा, मान. विषाणू कुठवर चढला असेल? मी पाणी भरताना तेच, शेण काढताना तेच. आणि आत्याबाई मजेत ओव्या गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशीही त्या दवाखान्यात आल्या. मी आत पोट उघडं टाकून सुई घेतली, ज्या सुईची मला बहुतेक गरजच नव्हती. ज्यांना होती त्या दहा पावलांवर लिंबाखाली बसून कुणाच्या तरी नातवाला खेळवत होत्या. परतताना एसटीत मी त्यांच्यापासून दोन बाकं लांब बसले. जवळ बसले असते तर किंचाळलेच असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कालवडीला शेजारचं दूध पाजत होत्या. बोटं दुधात बुडवायची आणि तिला चोखायला द्यायची. तोच उजवा हात. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याबाई, बाजाराच्या दिवशीच्या दशम्या मी चिकात भिजवल्या होत्या."

त्यांनी वर बघितलं.

"शेजारी जायचा कंटाळा केला. घरात तांब्या भरलेला होता, त्यातलाच घेतला. कच्चा."

हे सगळं खोटं होतं. शेजारी जायचा कंटाळा मी जन्मात केला नसता, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. शहरातली आळशी पोरगी, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी कालवडीच्या तोंडातून बोटं काढली, पदराला पुसली आणि कितीतरी वेळ त्या ओल्या बोटांकडे बघत बसल्या. मला वाटलं होतं, त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सात वरसं," त्या म्हणाल्या. "सात वरसं पाळलं हुतं गं."

मग उठल्या, लुगडं बदललं आणि माझ्या पुढे फाट्याकडे चालायला लागल्या. दवाखान्यात सरळ आत जाऊन टेबलावर झोपल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

पुढचे चौदा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलायचं ते कालवडीशी. "कालवडे, तुझ्या मालकिनीला सांग, चुलीवर दूध उतू चाललंय." "कालवडे, इचार तिला, आज तरी पिठात पानी घातलं का?" मी कालवडीमार्फतच उत्तर द्यायची. सगळी वस्ती पोटावर हात धरून वाकून चालत होती. पोटं सुजली होती, खाज सुटायची. आम्ही दोघी एकाच पाट्याशी वाकलेल्या, पण घरात आवाज फक्त वाटणाचा. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. जिवाची त्यांना पर्वा नव्हती. आपलं मोडलं, आणि ते आपल्याच घरातल्या पोरीने मोडलं, हे त्यांना गिळवत नव्हतं.

मी ठरवलं की वर्षाने खरं सांगायचं. सुया वेळेवर लागू पडल्या का ते लगेच कळत नाही, डॉक्टर म्हणाले होते. महिन्याने दिसेल, तीन महिन्यांनी दिसेल; वर्ष निघालं की बहुतेक सुटलो. पहिली खूण म्हणजे पाणी गिळता येत नाही, घसा आवळतो. तेव्हापासून मी त्यांना पाणी पिताना बघायची. रानातून आल्या की मी हातातलं काम टाकून तांब्या न्यायची आणि समोर उभी राहायची. एक घोट खाली उतरला, दुसरा उतरला. एकदा त्यांना ठसका लागला आणि माझ्या हातातली परात पडली. त्यांनी तोंड पुसत माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी असं का बघते, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

पाऊस दगा देऊन गेला, विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि वर्ष संपलं. मी मनात वाक्यं जुळवत होते. आत्याबाई, दशम्या म्हशीच्या दुधातल्याच होत्या. तुमचं मोडलेलं नाही. सात नाही, आठ वर्षं झाली. हे शेवटचं मला फार आवडलं होतं, ते ऐकून त्या हसतील असं वाटत होतं. पण आज सांगू उद्या सांगू करत आठवडा गेला. इतर वेळी क्षणभर दम न निघणारी मी, नेमकी तेव्हाच थांबले.

त्या गायीनंतर वस्तीवर कुणी चीक वाटला नव्हता. पण शेजारची गाय व्याली आणि शेजारणीने धीर करून तांब्या पाठवला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर आत्याबाई चुलीपुढे बसलेल्या, समोर उकडलेला चीक, आणि त्यांच्या तोंडात घास होता.

मी दारातच उभी राहिले.

"तसं बी मोडलेलंच हाय," त्या म्हणाल्या. "मग म्हनलं, बगावं तरी, यवढं काय हुतं त्यात." त्यांनी दुसरी वडी तोडली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "तीच चव हाय गं. त्ये मला आदी भरवायचे, मग सोता खायचे. आट वरसांनी खाल्ला."

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. ती मी गिळून टाकली. माझं खोटं आठवडाभरापूर्वी खोटं होतं. आता ते खरं झालं होतं.

त्यांनी हात धुतले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी मान वर केली आणि घटाघटा सगळा तांब्या रिकामा केला. मी सवयीने त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

"आता तरी नगं बगत जाऊ," त्या म्हणाल्या. "उतरतंय पानी."

पुढे त्या खूप वर्षं जगल्या आणि कुणाचाही चीक आला की मिटक्या मारत खायच्या. मी त्या दिवसापासून तोंडाला लावलेला नाही. त्या विचारायच्या, अगं, तुला आवडायचा की. मी सांगायची, आता नाही आवडत.