मूठभर रस्ता

गिऱ्हाईक सायकलच्या दुकानाची पायरी चढलं की दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मामाच म्हणत, काउंटरवरून उजवा हात पुढे करायचे. तळवा वर, देवळात तीर्थ घेताना आपण धरतो तसा. पहिल्या दिवशी मी तो हात धरून मनापासून हलवला. मामांनी तो शांतपणे सोडवून घेतला आणि पुन्हा तसाच पुढे धरला.

"रस्ता आनलाय का?"

"म्हणजे?"

"टायर पायजे म्हनता ना? मग रस्ता कुठंय?"

मी रस्ता सांगायला लागलो. नगरहून डोंगरगणला जायचं, तिथून गडाच्या मागच्या अंगानं गुरांची वाट वर चढते, वगैरे. मामांनी मान हलवली. "सांगू नका. आना. मूठभर. जिथं टायर फाटला तिथलाच." आणि ते पंक्चर काढायला बसले.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. दख्खनच्या पठारावर मी पंचवीस वर्षं बोलत आलोय. अशा माणसाला नगरच्या दिल्ली दरवाज्याबाहेरच्या एका सायकलवाल्यानं दगड आणायला पिटाळावं हे मला झोंबलं. तुम्हालाही झोंबलं असतं. पण माझ्यावर ही वेळ का आली ते आधी सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी माझी शुगर पाहिली आणि रोज चालायला सांगितलं. चालण्यात काही रुबाब नाही, म्हणून मी डोंगरात चालवायची सायकल घेतली. आमच्या कॉलनीतली चार माणसं दर रविवारी सायकलवरून गडावर जात. त्यांचे म्होरके एक इंजिनिअर साहेब. आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता आणि दुर्दैवानं त्यांना बरंचसं कळतही होतं. मी त्यांच्याबरोबर दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून सायकल ढकलत परत आलो. मग मोबाईलवर बघून भलेमोठे दात असलेले दोन टायर मागवले. ते पाहून बायको म्हणाली, "नांगरायला कधी जायचं?" तिसऱ्या रविवारी त्यातला मागचा टायर एका धारदार दगडावर बाजूनं चिरला. दात जसेच्या तसे होते.

आता पुन्हा डोंगरगणला जाऊन दगड गोळा करणं माझ्या जिवावर आलं. शेजारी एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथली मूठभर खडी उचलली, तिला जरा माती चोळली आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या हातावर ठेवली. मामांनी ती पेपरवर ओतली, एक खडा दोन बोटांत फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, ही खडी हाय. ही ट्रकात बसून आली."

मी हाताला लागलेली माती झटकायला लागलो.

"तुमी बी हिच्याबरोबरच बसून आला का?"

त्या दिवशी संध्याकाळी मी मुकाट्यानं स्कूटरवरून गेलो आणि खरोखरचा रस्ता रुमालात बांधून आणला.

मामांनी तो रुमाल सोडला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पत्रिका बघणारा ज्योतिषी इतका गंभीर नसतो. दगड वेगळे, मुरूम वेगळा, माती वेगळी. वेड्या बाभळीचे दोन काटे निघाले, ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मग एक दगड घेऊन माझ्या फाटक्या टायरच्या बाजूवर घासला आणि मला हात लावायला सांगितलं.

"ह्यो काळा फत्तर. फुटला की सुरीवानी कड येती त्येला. आन तुमी टायर कसला घेतलात? दात बघून. सर, दात बघून बैल घेत्यात, टायर न्हाई. टायर बाजूनं बघायचा. बाजू जाड पायजे."

वर्गात मी याच फत्तराला बेसॉल्ट म्हणतो आणि त्यावर चार गुणांचा प्रश्न काढतो. त्याची कड कुठे लागते ते मात्र मला त्या दिवशी कळलं.

मामा मूळचे मिरजगावचे. उमेदीची वर्षं साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची पंक्चरं काढण्यात गेली. एकदा जॅक सरकला आणि उजवा गुडघा ट्रॉलीखाली सापडला. तेव्हापासून तो पाय वाकायचा नाही. नगरला येऊन त्यांनी सायकलचं दुकान टाकलं, पण स्वतःला सायकलवर बसता येईना. काम करताना तो पाय दारापर्यंत लांब पसरलेला असे आणि येणारा-जाणारा त्याला हमखास अडखळे. "सांभाळून," मामा म्हणत, "ब्रेक न्हाई त्येला."

पाठीमागच्या फळीवर ग्रीसचे रिकामे डबे घासूनपुसून मांडलेले होते. प्रत्येक डब्यात एकेका गिऱ्हाइकानं आणलेला रस्ता. डब्यावर कागद डकवून वर निळ्या पेनानं लिहिलेलं: 'पुणतांबा, नदीकाठ, गाळ. आणणारा: शाळेचे शिपाई.' 'शिंगणापूरकडचं काळं रान. आणणारा: दूधवाले.' माझाही डबा दुसऱ्या दिवशी फळीवर चढला. 'गडाची मागची वाट. आणणारा: भूगोलाचे सर (दुसऱ्या खेपेला).' कंसातल्या मजकुरावरून मी वाद घातला, पण मामा खोटं लिहायला तयार होईनात.

त्यांनी मला जाड बाजूचे, बारीक दातांचे दोन टायर दिले. रविवारी मी पहिल्यांदा गडावर पोचलो. काटा नाही, चीर नाही. वर उभा राहून मी इंजिनिअर साहेबांना मामांची थोरवी ऐकवली, तीही जरा जास्तच. आणि उतरताना सुट्या मुरुमावर माझं पुढचं चाक घसरलं. मी आडवा झालो, कोपर सोलवटलं, आणि घरी येईपर्यंत मामांच्या टायरबद्दल नाही नाही ते बोललो. चिडलेल्या माणसाला ऐकणारा लागतो. मला नेमके इंजिनिअर साहेब मिळाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. साहेबांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मामा, त्या वाटेनं तुम्ही स्वतः कधी गेलायत का?"

"न्हाई."

"मग यातल्या कुठल्या वाटेनं गेलायत?"

मामांनी फळीवरच्या डब्यांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "कुठल्याच न्हाई," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्यांचा हात पुढे आला नाही. डब्यांवर जुनी चादर टाकलेली होती. एक गिऱ्हाईक टायर मागत होतं.

"कुठला देऊ?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा ना."

"आमाला काय कळतंय? तुमी म्हनाल त्यो देतो."

गिऱ्हाइकानं म्हटला तो टायर मामांनी दिला. तो टायर भंगार होता हे मलासुद्धा कळत होतं, मग त्यांना कळत नसेल? दुकान छान चाललं होतं. उलट दगड आणायची कटकट गेल्यामुळे गर्दी थोडी वाढलीच होती. फक्त मामा दुकानात नव्हते, तिथे एक दुकानदार बसला होता. याला कारण मी आणि माझं तोंड, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला त्याची लाज वाटत होती. तो पुढे येणारा हात मला परत हवा होता.

मी म्हटलं, "मामा, रविवारी गडावर चला."

"ह्या पायानं?"

"माझी सायकल ढकलत चला. तिचा आधार होईल."

"आन तुमी?"

"मी मागून येतो."

"म्हंजे मी पडलो की तुमी पळायला मोकळे," मामा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते नीट बोलले, म्हणून मी ते मान्यही केलं.

डोंगरगणपर्यंत एका दूधवाल्याच्या टेम्पोतून गेलो. हाच तो शिंगणापूरच्या डब्याचा मालक. तिथून पुढे अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला सगळी सकाळ लागली. मामा माझ्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून, ताठ पाय ओढत निघाले. पण उशीर पायामुळे झाला नाही. दर दहा पावलांवर ते थांबत, दगड उचलत, उलटा करत, पुन्हा होता तसा ठेवत. मी खाली पसरलेलं नगर दाखवायला गेलो, तर म्हणाले, "ते कुठं जातंय? नंतर बघू." जिथे मी पडलो होतो ती जागा त्यांनी मला विचारून घेतली आणि सरळ पोटावर आडवे झाले. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून उताराकडे बघत राहिले.

शेळ्या घेऊन एक आजी वरून येत होत्या. त्या थबकल्या. "काय हारवलं का वो?"

"व्हय," मामा झोपूनच म्हणाले. "थोडी अक्कल हारवली हुती. घावली."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाचा प्राध्यापक आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्या शेळ्यांना लांबून वळवून घेऊन गेल्या.

मामा उठून बसले. दाढीला माती लागलेली, डोळे मात्र लखलखत होते. "सर, डब्यात दगड येतो. चढ येत न्हाई!" हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की जणू त्यांचंच बरोबर ठरलं होतं. "चढताना सगळं वजन मागं, तिथं जाड बाजूचाच टायर पायजे. त्ये माझं चुकलं न्हाई. पर उतरताना वजन पुढच्या चाकावर. तिथं हे बारीक दात काय धरनार? तिथं मोठं दात पायजेत. तुमचा त्यो नांगर कुठंय?"

"कुठला नांगर?"

"तुमीच सांगितलं न्हवं, वयनी म्हनल्या त्यो. एक फाटला, एक तर धड हाय ना?"

तर माझा तो चेष्टेचा टायर पुढच्या चाकाला लागला, मागे मामांचा जाड बाजूचा राहिला आणि दोन्हींतली हवा त्यांनी अंगठ्यानं दाबून दाबून थोडी कमी केली. पुढच्या रविवारी मी गडावर गेलो आणि दोन्ही कोपरांसकट परत आलो. संध्याकाळी मामांनी इंजिनिअर साहेबांना दुकानात बोलावून घेतलं आणि भरल्या दुकानात सांगितलं, "साहेब, माझं चुकलं हुतं." मग जरा थांबून म्हणाले, "अर्धं." साहेबांनी त्यांच्यासमोर हात जोडले, आणि काही बोलायच्या आत त्यांच्यापुढे मामांचा तळवा आला.

"रस्ता आनलाय का?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. त्यांनी आधीच आणला होता. मी म्हटलं ना, त्यांना बरंचसं कळत होतं.

त्यानंतर मामांच्या विचारण्यात एक भर पडली. दगड बघून झाले की ते म्हणत, "आता चढ दावा." मग गिऱ्हाइकानं आपला हात कोपरापासून तिरका धरून वाटेचा उतार दाखवायचा. "एवढा? नीट सांगा. तिकडं पडनार तुमी, मी न्हाई." टायर घ्यायला आलेली चांगली जाणती माणसं त्या दुकानात हात वाकडे करून उभी असत आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

गेल्या थंडीत मामा गेले. मिरजगावला मुलीकडे राहायला गेले होते, तिथे दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला आठ दिवसांनी कळलं. दुकान रिकामं करायला मुलगी आली तेव्हा तिनं फोन करून बोलावलं. "सर, ह्या डब्यांचं काय करू? फेकाया मन हुईना. तात्या म्हनायचे, सरांचा विषय हाय त्यो." घरी मामांना तात्या म्हणत.

मी सगळे डबे रिक्षातून कॉलेजात आणले. आमच्या विभागात ते आता काचेच्या कपाटात आहेत आणि दख्खनचं पठार मी त्यांच्यावरूनच शिकवतो. लावताना एक डबा मला अनोळखी वाटला. कागदावर तेच निळं पेन, तेच अक्षर: 'गडाची मागची वाट. आणणारा: मी स्वतः.' त्या रविवारी त्यांनी मूठ कधी भरून घेतली ते मला समजलं नव्हतं. डब्याच्या बुडाला एका अंगानं टायरचा जाड तुकडा चिकटवलेला आहे. त्यामुळे तो कपाटात बरोबर त्या वाटेइतका तिरका बसतो. कपाट पुसायला येणाऱ्या मावशी रोज तो सरळ करायला जातात, आणि तो काही सरळ होत नाही.