गाव कंचं, आडनाव काय?

"गाव कंचं? आडनाव काय?"

लाँच धक्क्याला लागायच्या आधीच हा प्रश्न यायचा. आबा गुडघाभर पाण्यात उभे असायचे, लेंगा वर दुमडलेला, एका हातात लाँचचा दोर आणि दुसरा हात तुमच्या बॅगेसाठी पुढे केलेला. बॅग लगेच घ्यायचे, पण उत्तर मिळेपर्यंत वाट सोडायचे नाहीत. शहरातली माणसं अवघडून इकडेतिकडे बघायची. आडनाव कशाला हवंय याला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

मीही अवघडलो होतो. कुपवाडच्या एका कारखान्यात मी सोलरच्या कामाला आहे. कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या वाड्यांमध्ये आमचे दिवे आणि पंप बसवलेले आहेत, त्यांच्या दुरुस्तीला मला पाठवतात. आबांची वाडी एका टेकाडावर आहे. धरण भरलं की टेकाडाच्या चारी बाजूंनी पाणी येतं आणि वाडीचं बेट होतं. शेवटची लाँच गेली की मुक्काम तिथेच, आणि मुक्कामाला एकच घर: आबांच्या सुनेचं होमस्टे.

आडनाव विचारलं की मी आधी बॅग जवळ ओढतो. मागे भिंतीवर किल्ल्या लोंबत असताना "खोल्या फुल्ल आहेत" म्हणणारे लॉजवाले मी पाहिलेत. त्यामुळे पहिल्या दिवशी मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "मिरज. शिकलगार."

आबांनी डोळे बारीक केले आणि आभाळाकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात परतीच्या लाँचची चौकशी सुरू केली होती.

"शिकलगार," ते म्हणाले. "आरं, मेढ्याच्या बाजारात एक शिकलगार बसायचा. आमच्या विळ्या-कोयत्यांस्नी त्योच धार लावायचा. वाडीत आला की आमच्यात जेवल्याबिगर कवा गेला न्हाई. मंजी तू आपला पाव्हणाच की रं!"

माझे वडील मिरजेत औषधांच्या दुकानात होते. पेन्सिल सोडली तर त्यांनी आयुष्यात कशाला धार लावलेली नाही. पण मी "व्हय" म्हणालो, आणि मघाशी काय काय मनात आलं होतं ते आठवून मान खाली घातली. त्या घराशी माझं जे नातं जुळलं, ते असं शरमेनंच सुरू झालं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे सगळ्यांच्याच बाबतीत चालतं. खंडाळ्याचा एक जण आला. "बोरघाटातला खंडाळा का आपल्या साताऱ्याचा?" साताऱ्याचा म्हटल्यावर आबांनी दोन मिनिटांत मेव्हणीच्या जावेचं माहेर त्याच्या गल्लीत नेऊन बसवलं. पुण्याहून एक पंजाबी पोरगा आला, तेव्हा मला वाटलं, आता म्हातारा अडकला. पण आबा पलटणीत होते. "माझा हवालदार तुमच्यातलाच. माझ्या बापासारका. मंजी तू माझ्या भावाचा पोरगा झालास." पोराला कळलं काहीच नाही, पण तो वाकून आबांच्या पाया पडला.

ही नाती जुळवण्यामागचं कारण मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे आबांची सून. नवरा मुंबईला, पोरं साताऱ्याला शिकायला, म्हणून त्यांनी घराच्या दोन खोल्या रंगवून पाटी लावायचं ठरवलं. तेव्हा आबांनी विचारलं होतं, "ह्ये हामस्टे मंजी काय आसतंय?"

"लोक येऊन आपल्या घरात ऱ्हात्यात, जेवत्यात."

"मग त्यास्नी पाव्हणं म्हनत्यात."

"ते पैसे देत्यात, आबा."

पाण्याखाली गेलेलं त्यांचं जुनं गाव घाटाच्या तोंडाशी होतं. कोकणातून चढून आलेला माणूस, मग तो मिठाचा व्यापारी असो की बायको शोधत निघालेला वेडा, त्यांच्या ओसरीवर जेवूनच पुढे जायचा. त्या घराचं नाव त्याच्यावर होतं. घर बुडालं, शेत बुडालं, तेवढं नाव मात्र त्यांनी टेकाडावर आणलं होतं. अन्न विकायचं म्हणजे तेही पाण्यात सोडायचं. शेवटी संध्याकाळी ते म्हणाले, "निजायचं पैसं घ्या. जेवणाचं न्हाई. अन इकलं तर मी ह्या घरात जेवायचा न्हाई."

वहिनींनी मान हलवली आणि जेवणाचा खर्च खोलीच्या भाड्यात मिसळून टाकला. तेव्हापासून सगळं घर ह्या एका खोट्यावर उभं होतं. पैशाचा स्कॅनर स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलेला. पैसे आले की ओरडून सांगणारी ती पेटी तांदळाच्या डब्यात खुपसलेली, वर पुन्हा एक पोतं. नवा पाहुणा आला की वहिनी त्याला हळूच आत बोलवायच्या, "आबांसमोर जेवणाच्या पैशाचं काढू नका बरं का." लोक हसत कबूल व्हायचे. मीही झालो. तांदळातून दबलेल्या आवाजात कोणीतरी बाई रुपये मिळाल्याचं पुटपुटली की आम्ही दोघं खोकायचो.

आबा मात्र निजायच्या पैशावर निर्धास्त होते. पहिल्या मुक्कामात त्यांनी कोंबडं धरून आणलं आणि सुरी माझ्या हातात दिली. "तूच काप बाबा. तुमच्यात तसं लागतंय न्हवं." जेवताना ते पाहुण्यांच्या पंगतीतच बसायचे, स्वतः कमी खायचे आणि तुमच्या ताटावर नजर ठेवायचे. नाचणीची भाकरी संपत आली की "वाड गं त्याला" असा हुकूम सुटायचा. नको म्हटलं तर, "लाजतंय. शिकलगार आसाच लाजायचा, अन चार खायाचा." मेढ्याच्या त्या शिकलगाराच्या नावावर मी किती भाकऱ्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

मग तो दिवस आला. घराची बॅटरी बसली होती आणि मी नवी बसवायला गेलो होतो. मनासारखं काम झालं. पंखा फिरला, दिवे लागले, वहिनी खूश. त्या आनंदात त्यांनी चार्जिंगला लावायचं सगळं ओसरीवर आणून लावलं, मोबाईल, टॉर्च, आणि ती पेटीही. पेटीतली बॅटरीही संपलेली होती, आणि तांदळाच्या डब्यात काही प्लग नसतो.

दुपारी एक जोडपं नुसतं जेवायला उतरून गेलं होतं. त्यांनी दाराआड पैसे भरले, आणि तेवढ्यात रेंज गेली. तिथे रेंजही लाँचसारखीच, आली तर आली. ती आली संध्याकाळी, आम्ही ओसरीवर पानावर बसलेलो असताना. पेटी खणखणीत आवाजात म्हणाली, "दोनशे रुपये प्राप्त झाले आहेत."

वहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली.

आबांनी पेटीकडे पाहिलं. "दोनशे रुपयांत खोली कवापास्नं मिळाया लागली गं?"

"रिचार्जचं असंल काहीतरी," वहिनी म्हणाल्या.

"दुपारची ती दोघं निजली कुटं हुती? जेवली अन गेली."

मग आबा माझ्याकडे वळले. "तू घरचा हाईस. खरं सांग. तू जेवणाचं पैसं देतूस?"

"न्हाई आबा," मी म्हणालो. "निजायचं देतो." पाठ केलेलं वाक्य होतं, सहज आलं.

"भाकरीवर हात ठिऊन सांग."

भाकरी समोरच होती, गरम, मधे थोडी फुगलेली. मी हात उचलला. भाकरीच्या वर नेला. तुम्ही म्हणाल, ठेवायचा होता, एका म्हाताऱ्याच्या समाधानासाठी काय बिघडलं असतं? मलाही तेच वाटत होतं. पण लहानपणी भाकरीचा तुकडा खाली पडला तर आई तो उचलून कपाळाला लावायला सांगायची. हात काही खाली जाईना. मी तो परत मांडीवर घेतला.

आबांनी सगळं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जेव. गार हुती ती." मग स्वतःच्या पानातली उरलेली भाकरी त्यांनी हातात घेतली, कारण अन्न टाकायचं नाही, आणि अंगणात जाऊन गाईला घातली. पाठमोरे उभे राहून ती खाईपर्यंत तिच्या मानेवर हात फिरवत होते. लाज त्यांना वाटत होती, आमची नव्हे, स्वतःची. पाहुण्यांच्या पंगतीत रोज मिशांवर हात फिरवत बसलो ते कशाच्या जोरावर, अशी.

"तुमी तरी ठेवायचा हुता हात," वहिनी आत भांडी आवरताना म्हणाल्या.

त्यानंतर मी गेलो तेव्हा आबा पाण्यात उतरले नव्हते. धक्क्यावरच्या दगडावर बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "या साहेब."

गाव नाही, आडनाव नाही, रं नाही. साहेब! त्यांच्यामागून चढण चढताना मला वाटलं, ह्यापेक्षा त्या लॉजवाल्यांनी हाकललेलं परवडलं. कळलं की आबा आता वेगळी चूल करतात. गोठ्याशेजारी तीन दगड मांडून स्वतःची भाकरी स्वतः थापतात. "इकलं तर जेवायचा न्हाई" म्हणाले होते, ते पाळत होते. पंगतीच्या वेळी ओसरीकडे फिरकत नव्हते. वहिनींनी हात जोडून झाले होते. होमस्टे बंद करते म्हणाल्या, तर आबांनीच नको म्हटलं. "पोरांची शाळा हाय. तू काय चोरी करत न्हाईस. माझंच जेवण राहिलं, राहू दे."

पुढच्या खेपेला मी मिरजेहून डबा घेऊन गेलो. बायकोनं केलेली खिचडी आणि आमच्यातला गोड मलिदा. गोठ्यात जाऊन त्यांच्या तीन दगडांपाशी बसलो आणि डबा उघडला. "आज माझ्या घरचं खा, आबा."

ते बराच वेळ डब्याकडे बघत राहिले. मग खाल्लं, अगदी मन लावून, बोटं चाटून. पाणी प्यायले. पदरानं पुसावेत तसे उपरण्यानं ओठ पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती झालं ह्येचं?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "आबा, असं काय करता? तुम्ही पाव्हणं आहात."

"पाव्हणा?" त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जुनी खोडी दिसली. "मग इचार की. गाव कंचं, आडनाव काय. न इचारता जेवू घातलंस, त्यो काय पाव्हणा व्हय?"

मी विचारलं. ते म्हणाले, "गाव पाण्यात हाय." आणि आडनाव सांगितलं, मला ठाऊक असलेलंच. मी डोळे बारीक करून आभाळाकडे, म्हणजे गोठ्याच्या पत्र्याकडे बघितलं. "ह्या आडनावाचा एक फौजी माझ्या वडिलांच्या दुकानात औषध घ्यायला यायचा. माझ्या वडिलांशी लय गप्पा हाणायचा."

"मीच असंन त्यो," आबा म्हणाले.

ते मिरजेला कधी आले नव्हते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. निघताना ते धक्क्यापर्यंत आले. लाँच सुटल्यावर ओरडले, "शिकलगार! ये रं परत!" साहेब गेला होता. पण गोठ्यातली चूल तशीच राहिली.

पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. पुढे वेगळ्या भागाचं काम लागलं. नंतर गेलो तेव्हा धक्क्यावर कोणी नव्हतं. आबा पावसातच गेले होते. थोडा ताप, मग धाप, लाँच बंद. वहिनींनी सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पातळ पेज चुलीवर केली तर आबांनी खुणेनं विचारलं, कुठल्या चुलीवरची? "गोठ्यातली, आबा," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे दोन चमचे घेतले. पेज घरातल्याच चुलीवरची होती. "भाकरीवर हात ठेव म्हणाले नाहीत," वहिनी म्हणाल्या, "एवढंच."

मी जेवलो. चवीत काही फरक नव्हता. सकाळी पैसे द्यायला सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराआड गेलो, तर तिथे नुसती डिंकाची खूण.

"भाईर लावलाय," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "आता कुणापास्नं लपवायचं?"

स्कॅनर ओसरीच्या खांबावर होता. त्या खांबाला टेकून आबा बसायचे. डोकं टेकायचं तिथे लाकूड तेलकट काळं झालंय, त्याच्या वीतभर वर तो चिकटवलेला. पैसे भरायला मोबाईल तिथेच समोर धरावा लागतो. पेटी उघड्यावर, फळीवर होती. ती मोठ्यानं बोलली आणि ह्या खेपेला आम्ही दोघंही खोकलो नाही. मी मात्र मान वर करू शकलो नाही.

धक्क्यावर उतरलो तेव्हा लाँच येत होती. पाठीला सॅक लावलेला एक तरुण पुढच्या टोकाला उभा होता. धक्क्याला दोर धरायला कोणी नाही हे पाहून मी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरलो. दोर धरला, दुसरा हात त्याच्या बॅगेसाठी पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाव कंचं? आडनाव काय?"

त्यानं बॅग मागे ओढून घेतली. आडनाव विचारलं की मी ओढतो, तशीच.

"का?" तो म्हणाला.

आबांना ह्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. मी दोर धरून तसाच पाण्यात उभा राहिलो.