उरलेल्याचा डबा

नीरजाचा रिपोर्ट घरात सगळ्यांत आधी वाचला तो तिच्या नणंदेनं, आणि तोही मोठ्यानं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पॉइंट चार. फेब्रुवारीत ती सहा पॉइंट दोन होती. म्हणजे मेथीचं पाणी पिऊन, रोज नाचणीची भाकरी खाऊन आणि राजश्रीवन्संनी मुंबईहून पाठवलेल्या जांभूळबियांच्या कॅप्सूल न चुकता गिळून साखर खाली यायची ती वर चढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. साडेसहाला आत.

"चोरून खातेस का गो काही?" वन्संनी विचारलं. त्या मे महिन्यात माहेरपणाला आल्या होत्या आणि त्यांच्या कॅप्सूलची बदनामी त्यांना सोसवत नव्हती.

तिचे यजमान चारुदत्त आंब्यांच्या पेट्यांत गवत भरता भरता हसले. बागायतदाराची बायको, आणि आंब्याच्या दिवसांत हात आवरेल होय, म्हणाले.

नीरजा हसली नाही. हेदवीला तिची आई याच साखरेपायी गेली होती. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल. दोन वर्षं दर शनिवारी नीरजा जयगडला फेरीबोटीत बसायची, तवसाळला उतरून हेदवी गाठायची आणि आईची जखम धुऊन पट्टी बदलायची. तो वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. आणि इथं तिच्यावर विनोद चालले होते.

राग तिला आला तो त्या हसण्याचा नव्हे, आपण खोटं बोलत नसूनही खोटे ठरतोय याचा. भाकरी ती मोजून एक खात होती. साखरेचा चहा सोडला होता. संध्याकाळी पाचला सड्यावर, घरावरच्या कातळाच्या माळावर, चालायला जायचं तेवढं मात्र जमत नव्हतं. पाचला ह्यांचा चहा, पेट्या न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याचा चहा, जयगडच्या बंदरातून ड्यूटी संपवून आलेल्या मुलाचं, अनिशचं, खाणं. तीन महिन्यांत ती सड्यावर गेली अकरा वेळा.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूलची बाटली उलटसुलट पाहिली. आत काय किती आहे हे धड लिहिलेलंसुद्धा नाही, म्हणाल्या, बंद करा. रक्तात काही कमी दिसलं तर मी देईन. आणि आठ दिवस काय काय खाता ते लिहून आणा.

नीरजानं लिहायला घेतलं. सकाळी एक घावन. दुपारी एक भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, काकडी. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची पानं उठल्यावर ती ओट्याशी झाकपाक करत होती. भाताच्या टोपाच्या तळाची खरवड चमच्यानं काढली, आणि चमचा तोंडाशी आला तिथंच तिचा हात थांबला.

हे तिनं लिहिलं नव्हतं. तिसरा दिवस होता आणि एकदाही लिहिलं नव्हतं.

लग्न होऊन आली त्या आठवड्यातच सासूबाईंनी सांगितलं होतं, या घरात अन्नासकट भांडं घासायला पडत नाही. जी आवरते तिनं ते पुसून घ्यायचं. आवरणारी एकच होती. ते खाणं आहे असं तिला तीस वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. ते काम होतं, ओटा पुसण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा केला. जे तोंडात गेलं असतं ते त्यात जायला लागलं. अनिशनं टाकलेलं अर्धं घावन. दोन मुठी भात आणि खरवड. वन्संनी "पुरे गो" म्हणत ठेवलेली पोळी. पातेल्याला चिकटलेला आमरस. आंब्याची साठं कापताना निघालेल्या कडा. टेम्पोवाल्यासाठी केलेल्या शिऱ्याचा तळ. रात्रीचा भात पुन्हा. डबा फ्रीजमध्ये ठेवताना झाकण दाबून बसवावं लागलं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पानं मांडली, सगळे बसले, आणि तिनं तो डबा मधोमध परातीत उपडा केला.

"हे काय गो?" वन्सं.

"काल मी चोरून खाल्लं असतं ते."

मग चारुदत्त म्हणाले, एवढं कशाला खायचं, गुरांना घालायचं.

"गुरं विकून बारा वर्षं झाली, अहो. तेव्हापासून त्यांचा वाटाही माझ्याकडेच."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांना बरं झालं असतं, भांडता आलं असतं. वन्सं म्हणाल्या, आपल्या घरात अन्न टाकायची रीत नाही. नीरजा म्हणाली, टाकू नकाच, वाटून घ्या. आणि ताजा भात वाढायच्या आधी तिनं परातीतला भात तिन्ही पानांवर वाढला. अनिशनं मान खाली घालून पहिला घास घेतला. वन्संनी आपलीच पोळी ओळखली आणि गुमान तोडली. चारुदत्तांनी आमटी ओढून घेतली आणि भात कालवायला लागले.

तोवर नीरजानं तव्यावरची भाकरी थेट आपल्या ताटात घेतली होती. गरम भाकरी ती या घरात कधी खाल्ली होती हे तिला आठवेना.

ऑगस्टमध्ये आकडा पाच पॉइंट नऊ आला. तो तिनं कुणाला मोठ्यानं वाचू दिला नाही. राग अजून आहे. भातासाठी तांदूळ आता चारुदत्त स्वतः मोजून काढतात आणि तरी कधी कधी चुकतात.

परवा पाचला ती चपला घालून निघाली. मागून त्यांनी विचारलं, दुपारची आमटी डावभर उरली आहे, तिचं काय करायचं?

ऐकू आलं होतं. पण सड्याचा चढ फाटकापासूनच सुरू होतो, आणि चढताना ती बोलत नाही.