पंखे थांबू नयेत म्हणून

दुकानदाराने आधी मला दिवे दाखवले. कम्प्युटरच्या डब्याला पुढून आणि बाजूने काच, आत सात पंखे, आणि प्रत्येक पंखा वेगळ्या रंगात उजळणारा. मी म्हटलं, मला दिवे नकोत, मला आवाज नकोय. हे मी इतक्या हळू म्हटलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं. मग माझ्याबरोबर कोणी आहे का ते पाहायला त्याने माझ्या खांद्यावरून मागे नजर टाकली. कोणी नव्हतं.

"बेन, भाईने साथे लावजो," तो म्हणाला. भावाला सोबत घेऊन या.

मला भाऊ नाही. ते त्याला सांगण्याची गरज मला वाटली नाही. मी पिशवीतून यादी काढून काउंटरवर ठेवली. साधा पत्र्याचा डबा, पुढून जाळी. प्रोसेसरवर बसवायचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा उंच मनोरा. मोठे, संथ फिरणारे तीन पंखे, त्यांना स्क्रूऐवजी रबरी खुंट्या. काम कमी असेल तेव्हा ज्याचा पंखा आपोआप पूर्ण थांबतो असा पॉवर सप्लाय आणि तसंच ग्राफिक्स कार्ड. त्याने यादी दोनदा वाचली आणि सांगितलं की असले मळकट रंगाचे पंखे इथे कोणी घेत नाही, त्यापेक्षा पाण्याने थंड होणारं लावा, दिसतंही छान. मी म्हटलं, पाण्याच्या पंपाला स्वतःचा आवाज असतो. हे मात्र त्याला पहिल्या वेळीच ऐकू गेलं. सामान मागवावं लागलं. ते घ्यायला तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने भावाची चौकशी केली नाही.

आवाज नको होता तो पप्पांसाठी. आमचं घर सुरतेच्या डिंडोलीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. पप्पा पॉवरलूमवर कामाला आहेत. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. रातपाळीत ते सकाळी आठला येतात, अंघोळ करतात, भाकरी खातात आणि नऊ ते पाच झोपतात. त्या आठ तासांत आमच्या घरात सगळं हळू चालतं. मम्मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते, तिच्या कामाला आवाजच नाही. मला तर लहानपणापासून हळूच बोलता येतं. शाळेत इंग्रजी मीडियमच्या बाई वर्गात उभं करून म्हणायच्या, लाउडर. पप्पाही तेच म्हणतात, वेगळ्या कारणाने. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्मे गेले आहेत. माझं अर्धं बोलणं त्यांना कधीच कळत नाही, ते नुसती मान हलवतात.

मी जे काम करते ते घरात कोणाला नीट समजावता आलेलं नाही. साडीवाले मला डिझाइनची फाइल आणि कापडाचा तुकडा पाठवतात. मी कम्प्युटरमध्ये एका बाईला ती साडी नेसवते, जॉर्जेट असेल तर जॉर्जेटसारखी पडते, क्रेप असेल तर क्रेपसारखी. मग ती बाई सावकाश गोल फिरते. ते फिरणं तयार व्हायला तीन-चार तास लागतात आणि तेवढा वेळ यंत्र तापतं. जुन्या लॅपटॉपवर ते जमत नव्हतं, तो मिक्सरसारखा ओरडायचा. म्हणून मी सुटे भाग घेऊन स्वतः यंत्र बांधायचं ठरवलं.

मामांना हे पटलं नाही. मामा म्हणजे मम्मीचे मोठे भाऊ. पप्पांना गावाहून सुरतेला आणून लूमवर लावलं ते त्यांनीच, त्यामुळे आमच्या घरातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांना बोलण्याचा हक्क आहे. त्यांनी माझ्यासाठी मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या दुकानात जागा पाहून ठेवली होती, कम्प्युटरवर बसायची. कॉलेज संपल्यावर मी तिथे दोन आठवडे गेले होते. तिथली माणसं वाईट नव्हती. फक्त दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणायचं, "मॅडम का माइक बंद है," आणि बाकीचे हसायचे. पंधराव्या दिवशी मी गेले नाही. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. माझ्या न बोलण्याला लोक सहसा होकार समजतात. तो नकारही असू शकतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यंत्र मी एका रविवारी दुपारी जमिनीवर चादर अंथरून बांधलं. मम्मी खडे चिकटवता चिकटवता बघत होती. प्रोसेसरवर लावायची राखाडी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, जास्त लावली तर बाहेर येते, हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या गोंदाचंही तेच आहे. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे एकदा फिरले आणि थांबले. पडद्यावर अक्षरं आली. कान डब्याला लावला तरी काही ऐकू येत नव्हतं. मी ज्या ज्या परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले होते त्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं: सर्वात शांत पंखा म्हणजे थांबलेला पंखा.

टेबल पप्पांच्या खाटेच्या उशाशी होतं. दुसरीकडे जागा नाही, स्वयंपाकघरात फोडणीची वाफ.

रातपाळी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पप्पा उठून बसले. डोळे मिटलेले, उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे केलेला. "कोणतं थांबनं?" कोणतं थांबलं, एवढंच म्हणाले, मोठ्याने, आणि परत आडवे झाले. तासाभराने पुन्हा तसंच. दुपारपर्यंत मी सहा वेळा मोजलं. मी एक साडी फिरवायला लावायची, पंखे सुरू व्हायचे. ती संपली की थांबायचे. मग मी पुढची साडी नेसवत बसायची, पुन्हा लावायची. मला वाटलं, पंखे सुरू होतात तेव्हाचा आवाज त्यांना उठवतो. म्हणून मी डब्याच्या आतून फोम चिकटवला आणि पुढच्या जाळीवर जुन्या दुपट्ट्याची घडी बांधली. एप्रिलचे दिवस होते. आतली हवा कोंडली, पंखे पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागले, आणि काम संपल्यावरही थांबून थांबून पुन्हा फिरू लागले. त्या दिवशी पप्पा अकरा वेळा उठले.

त्या आठवड्यात कामावर असताना त्यांची डुलकी लागली. लूमच्या पट्ट्याने बोटाचं कातडं सोललं. फार नाही, तरी पट्टी बांधून आले. त्याच कारखान्याच्या बाजूला मामांच्या ओळखीचे लोक आहेत, त्यांच्याकडून ते मामांना कळलं. संध्याकाळी मामा आले. खाटेवर बसले, डब्याकडे बघितलं आणि मम्मीला म्हणाले, "हाई डबडं पाव्हनाले मारी टाकी." हे डबडं पाव्हण्यांना मारून टाकेल. पाव्हना म्हणजे पप्पा, त्यांचे मेहुणे. मग माझ्याकडे न बघता त्यांनी निकाल दिला. पुढच्या रविवारपर्यंत झोप नीट झाली तर ठीक, नाहीतर डबा घराबाहेर आणि मी मार्केटमध्ये. मम्मीने मान खाली घातली. पप्पांना बहुतेक ऐकू गेलं नाही. ते बोटावरची पट्टी बघत होते.

मला मामांचा राग आला, पण बोटाची पट्टी खरी होती. तिच्याशी भांडता येत नव्हतं.

तीन दिवस मी पंखे बंद ठेवले, म्हणजे कामच केलं नाही. दोन साडीवाल्यांचे फोन उचलले नाहीत. रविवारला चार दिवस उरले. बुधवारी दुपारी लाइट गेली. छताचा पंखा आमच्या घराएवढाच जुना आहे, फिरताना टक् टक् करतो, घर बांधल्यापासून करतो. तो थांबला आणि पप्पा उठून बसले. डोळे मिटलेले, उजवा हात पुढे. लाइट गेली की पप्पा उठतात हे आम्हाला कायम माहीत होतं. आम्ही म्हणायचो, उकडतं म्हणून. पण पंखा नुकताच थांबला होता. उकडायला अजून वेळ होता.

तो हात मी आधी पाहिला होता. सातवीत असताना एकदा मी मम्मीबरोबर त्यांचा जेवणाचा डबा द्यायला कारखान्यात गेले होते. आत शिरल्यावर मी कान दाबले होते. आठ लूमच्या मध्ये पप्पा खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. एवढ्या आवाजात ते उभ्या उभ्या झोपले होते. मग कुठेतरी एका लूमचा धागा तुटला आणि ती एक लूम थांबली. मला फरकसुद्धा कळला नाही. पप्पांचा उजवा हात आधी पुढे गेला, लूमच्या दांड्याच्या उंचीवर, आणि डोळे त्यानंतर उघडले.

आवाजाने ते कधी उठतच नव्हते. आयुष्यभर त्यांना ज्याचा पगार मिळाला ते काम म्हणजे थांबलेलं ऐकणं. आणि मी खास शोधून, दुकानात तीन-तीनदा जाऊन, थांबणारे पंखे विकत आणले होते, तेही त्यांच्या उशाशी.

लाइट आली तशी मी फोम उपटून काढला. दुपट्टा सोडला. मग सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डाचे पंखे आपोआप थांबणं बंद केलं. पॉवर सप्लायच्या मागे त्यासाठी एक छोटी कळ होती, तीही फिरवली. सगळे पंखे एकाच वेगावर बांधले, काम असो वा नसो. तो वेग शोधायला दुपार गेली. सर्वात जड साडी लावायची, तीनच्या उन्हात, तापमान बघायचं, वेग थोडा वाढवायचा. शेवटी एक बारीक, सपाट घूं राहिला, शेजारच्या घरातल्या फ्रिजसारखा. कुठल्याही परदेशी माणसाने याला शांत कम्प्युटर म्हटलं नसतं. मला त्यांची पर्वा नव्हती. त्यांच्या घरी लूमवर काम करणारं कोणी नव्हतं.

गुरुवारी पप्पा एकदाही उठले नाहीत. शुक्रवारीही नाही. शनिवारी मम्मी माझ्या मागून जाताना एक क्षण थांबली, पप्पांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि पुढे गेली.

रविवारी मामा संध्याकाळऐवजी दुपारी तीनलाच आले. पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. पडद्यावर अर्ध्याहून जास्त फिरलेली बाई, हिरवी साडी, अजून दीड तासाचं काम बाकी. मामांनी दारातच चपला काढल्या, आत आले आणि डब्यापाशी वाकून ऐकलं.

"बंद कर ते," ते कुजबुजले. "माणूस झोपलाय."

मी म्हटलं, "नाही."

हा शब्द मी मामांना आयुष्यात पहिल्यांदा म्हटला. तो हळूच निघाला, पण खोली शांत होती, ऐकू गेला. मम्मीच्या हातातला खडा तसाच राहिला.

"मामा, बंद केलं तर ते उठतील. चालू आहे म्हणून झोपलेत."

मामा हसले. रागावले नाहीत, खरंच हसले, आवाज न करता, खांदे हलवून. एवढी शिकलेली भाची आणि असं बोलते, असं ते हसणं होतं. मग ते टेबलाच्या बाजूने हात घालून खाली वाकले. मी म्हटलं, "मामा, हात लावू नका." त्यांनी विजेच्या बोर्डचं बटण दाबलं.

हिरवी साडी गेली. घूं आवाज खाली उतरत उतरत संपला. छताचा पंखा तसाच टक् टक् करत होता, बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

पप्पा उठून बसले. डोळे मिटलेले, उजवा हात सरळ मामांच्या पोटाशी.

"कोणतं बंद पडनं?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, गल्लीत ऐकू जाईल असा. मामा हात बोर्डवर ठेवून तसेच वाकलेले राहिले. मग पप्पांनी डोळे उघडले. मामांना पाहिलं, त्यांचा हात पाहिला, काळा पडदा पाहिला.

"काबरं बंद करं?" त्यांनी विचारलं. का बंद केलं?

मामा म्हणाले, तुमच्या झोपेसाठी. ते पप्पांना ऐकू गेलं नाही. मामांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. पप्पांनी मान हलवली, समजलं नाही की ते जशी हलवतात तशी, आणि माझ्याकडे वळले.

"चालू कर."

मी मामांचा हात बाजूला होण्याची वाट पाहिली. तो झाला. मी बटण दाबलं. पंखे फिरले आणि या वेळी थांबले नाहीत. पडद्यावर अक्षरं यायच्या आत पप्पा भिंतीकडे वळून झोपी गेले होते.

अडीच तासांचं काम गेलं होतं. ते मी मामांना सांगितलं, म्हणजे त्यांना माहीत असावं म्हणून. आणि तेवढ्यातच हेही सांगितलं की मी मार्केटमध्ये येणार नाही, त्या जागेवर दुसऱ्या कोणाला लावा. मम्मी उठून चहा ठेवायला गेली. मामा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभ्यानेच त्यांनी चहा घेतला. जाताना दारात चपला घालत त्यांनी विचारलं, मग हे बंद कधी करतेस?

"पाचनंतर," मी म्हटलं. "पप्पा उठले की."

मी हिरवी साडी उघडली आणि बाईला पहिल्यापासून फिरायला लावलं.