स्विचमधला राहिलेला ब्रेक

राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या मास्तरानं मला फसवलं. अपुरा तपासलेला प्रोग्राम त्यानं पूर्ण म्हणून माझ्या गळ्यात मारला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी फौंड्री होती, पंपाचे भाग ओतायची. आमचा मिस्त्री प्रत्येक नगावर हातोडी वाजवून, आवाज ऐकून कागदावर आकडा लिही: एक म्हणजे पास, दोन म्हणजे दुरुस्ती, तीन म्हणजे रद्द. कारकून ते आकडे कॉम्प्युटरला देई आणि कागद फाडून टाकी. छापून येईल तो हुकूम. रद्द नग घणानं फोडून पुन्हा भट्टीत टाकला जाई.

महिन्याभरात रद्द मालाचा ढीग वाढला. मी मिस्त्रीवर भडकलो.

"मालक, मी दोन लिवलं हुतं. भोक बुजवलं असतं की!"

"मग कॉम्प्युटर तुमच्यावर खार खाऊन हाय व्हय? कान गेलाय तुमचा, मिस्त्री."

याच माणसाच्या हाताखाली मी पोरवयात वाळू चाळली होती. तो हातोडी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी आकडे भरायला मीच बसलो. दोन दाबला. छापून आलं: रद्द. पुन्हा दाबला. रद्द!

मी मास्तराला ओढतच आणला. त्यानं पडद्यावर प्रोग्राममधला 'स्विच' दाखवला. आकडा जुळेल त्या ओळीपासून काम सुरू होतं आणि 'ब्रेक' आला की थांबतं. दोनपुढचा ब्रेक लिहायचा राहिला होता. कॉम्प्युटर 'दुरुस्ती' ठरवून तसाच तीनवर घसरायचा आणि 'रद्द' छापायचा.

"एक शब्द राहिला, साहेब. होतं असं," तो हसत म्हणाला.

"दाखवायला आलात तेव्हा एक दाबलात, तीन दाबलात. दोन का नाही?"

"तुम्ही भावावरून घासाघीस करत होता. म्हणालात, उरकतं घ्या."

म्हणालो असेन. पण स्वस्तात मागितला म्हणून मोडका द्यायचा?

ब्रेक लिहायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. मिस्त्रीकडे मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याच्या बायकोनं चहा दिला, तो बाहेर आला नाही. आता मास्तरानंच त्या दारात उभं राहून सांगावं, "मिस्त्री, कान तुमचा गेला नव्हता, चूक माझी होती." कधी येताय, मास्तर?