तात्यांचा खांदा, काकूंचा हात

सहादेवतात्यांइतका अडेल माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं आणि तात्यांच्या घराला लागूनच माझी पिठाची गिरणी. त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून झाकून राहत नसे. तात्यांना मिजास एकाच गोष्टीची. चैत्रात भैरोबाची जत्रा भरते, तेव्हा रंगीत कापडं गुंडाळलेली लांबलचक काठी डोक्याच्या वर उचलायची आणि देवळाच्या शिखराला टेकवायची, तीही एकट्यानं. हा मान त्यांच्या घराण्याचा. ज्या साली काठी टेकणार नाही, त्या साली मान चुलतभाऊ आसारामकडे जाणार. आसाराम गालातल्या गालात हसत त्याचीच वाट बघत होता.

आणि एकाहत्तर सालच्या दिवाळीत तात्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना, त्या कुशीवर झोप लागेना. डोक्याचा पटकासुद्धा मनकर्णाकाकू, म्हणजे त्यांची बायको, बांधून द्यायच्या. बाहेर मात्र छाती पुढे काढून चालणं तसंच.

गावात फुकटच्या वैद्यांना तोटा नाही. एकानं बिबा घातला, तर खांदाभर फोड आले. दुसऱ्यानं तापलेल्या विळ्याचा डाग दिला. तिसरा तालमीतला म्हातारा. "शीर चढलीय" म्हणत त्यानं पाठीत गुडघा घातला आणि हात असा पिळला, की तात्यांची किंकाळी माझ्या इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली. गुण आला का, म्हणून विचारायला ह्यातला एकही शहाणा परत फिरकला नाही.

शेवटी मीच तात्यांना एसटीत बसवून नगरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाले, "खांद्यातला स्नायू हाडाला बांधणारी एक दोरी असते, ती झिजून सुजलीय. कापाकापी नको. पण दोन-तीन महिने जड काही उचलायचं नाही. गरम पाण्यानं शेका. वाकून हात सैल सोडा आणि झुलवा. मग भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी हळूहळू वर चढवा. रोज, सकाळ-संध्याकाळ." वर एक इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "ह्यानं दुखायचं थांबेल, दोरी भरून येणार नाही. बरं वाटलं म्हणून लगेच ओझं उचलाल तर पस्तावाल."

तात्यांच्या डोक्यात एवढ्यातलं इंजेक्शन तेवढं शिरलं. दुखणं थांबल्याबरोबर ह्या महाभागानं पारावरच्या लोकांदेखत ज्वारीचं पोतं खांद्यावर मारलं. आठवड्याभरात हात पुन्हा लटकला. आणि शिव्या कुणाला? डॉक्टरला!

राहिला भिंतीचा व्यायाम. भिंतीवर हात फिरवायचा तो बायकांनी, सारवताना; पुरुषानं केलेलं कुणी पाहिलं तर? आसारामच्या कानावर गेलं तर मान गेलाच म्हणायचा. मग त्यांनी काय तोड काढली ऐका. आमच्याकडे नवस बोलतो नवरा आणि अनवाणी चालते बायको. नवऱ्याच्या नावाचे शनिवारही तीच धरते. तात्यांनी डॉक्टरचा व्यायाम त्यातच जमा केला.

"अगं, माझ्या नावानं तूच चढीव की बोटं," ते काकूंना म्हणाले. "तुझा उपास मला लागू व्हतो, मंग ह्ये का न्हाई व्हनार?"

मी गिरणीच्या दारातून विचारलं, "तात्या, तुमच्या नावानं काकू जेवल्या तर तुमचं प्वाट भरंल का?"

"तू पीठ दळ," ते खेकसले.

आणि काकू खरंच मागच्या भिंतीशी उभ्या राहून सकाळ-संध्याकाळ बोटं चढवायला लागल्या. मला संताप यायचा. कारण त्यांचाच उजवा खांदा पाणी शेंदून शेंदून कधीचा गेला होता. दळणाचा डबा डोक्यावर घ्यायला त्या वर्षभर मलाच हाक मारत होत्या. त्या खांद्यासाठी बिबा नाही, डाग नाही, आणि नगरची एसटी तर नाहीच. तो दुखतो हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. पण नेम म्हटला की काकू कडक. जड उचलायचं नाही हे पथ्यही त्यांनी तात्यांच्या नावानंच धरलं. पाणी सून शेंदायला लागली, शेक काकू घ्यायला लागल्या. नेम तात्यांच्याच नावाचा, तेव्हा त्यांना मोडता घालता येईना. ते मात्र पोती उचलतच राहिले.

जत्रेच्या दिवशी काकूंनी त्यांना पटका बांधून दिला. हलगी कडाडली. काठी तात्यांच्या छातीपर्यंत आली, आणि तिथंच थरथरायला लागली. तात्यांनी दात-ओठ खाल्ले. काठी कलली, बायका ओरडत मागे सरल्या. आसारामनं ती वरच्या वर झेलली आणि शिखराला टेकवली. गावानं त्याच्या नावानं गुलाल उधळला.

घरी येताच तात्या अंगणातूनच कडाडले, "तुझ्यामुळं मान गेला! नेम चुकवला आसशील कवातरी!"

काकू गिरणीत होत्या, दळण न्यायला आलेल्या. सवयीनं मी डब्याला हात लावायला पुढे झालो. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. डबा दोन्ही हातांनी उचलला, डोक्याच्या वर नेला आणि चुंबळीवर अलगद ठेवला. मी गिरणीतून आणि तात्या अंगणातून बघत राहिलो.

"नेम चुकला न्हाई," अंगणात येऊन त्या म्हणाल्या. "गुनबी आलाय. ज्याचा हात भिंतीवर हुता, त्याला आलाय."

आणि त्या घरात निघून गेल्या. गर्दीतल्या ओढाताणीत तात्यांचा पटका सुटून गळ्यात आला होता. डाव्या हातात त्याचं टोक धरून ते कितीतरी वेळ दाराकडे बघत उभे राहिले, पण बांधून दे म्हणायची हिंमत काही त्यांना झाली नाही.